करवंदीची जाळी

दर रविवारी मंचरहून श्रेयाच्या स्कूटीवर निघून खुशबू आणि तिची मैत्रीण श्रेया आहुप्याकडच्या जंगलातल्या आडवाटांचे फोटो काढत. त्या दिवशी वळणावरच्या करवंदीच्या जाळीत खुशबूला बुलबुलाचं घरटं दिसलं. स्कूटीतली पाण्याची बाटली घेऊन ती परतली तेव्हा घरट्यावरच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. उघडी पिल्लं उन्हात चोची वासत होती आणि समोरच्या झाडावर कावळा येऊन बसला होता. "तू मोडल्यास?" खुशबूने विचारलं. "पिल्लं दिसतच नव्हती," श्रेया कॅमेऱ्यातून पाहत म्हणाली. "फांद्याच आहेत गं, लई नाटकं नको करूस." खुशबूने फांद्या उचलल्या, ओढणी फाडली आणि त्या परत जाळीला बांधायला घेतल्या. काट्यांनी हात रक्ताळले. मागून क्लिक झालं. "भारी फोटो आला तुझा," श्रेया हसली. खुशबूने गाठ आवळली. "मी एसटीने जाते. पुन्हा माझ्या दारात हॉर्न वाजवू नकोस."