चाक हवेत फिरलं

जॅकवर उचललेलं मागचं चाक कादर मिस्त्रींनी फिरवलं आणि कान टवकारले. बॅटरीच्या रिक्षाची मोटर ती, केवढी तर नारळाएवढी. बरी असली तर नुसती सूं करते. ही गुरगुरत होती. पाच मिनिटांत इतकी तापली की तिला हात लाववेना.

रिक्षा यशोधराची. आज विकायची होती. घेणारा गहिनीनाथ समोरच्या टपरीवर चहा पीत थांबला होता, आणि ती गॅरेजच्या पायरीवर बसून सीटची कव्हरं उसवत होती. कव्हरं तिनं घरी शिवली होती, ती द्यायची नव्हती.

"देऊन टाकते, चाचा. तुमी म्हनला ते खरं हाय. माझा पायच भित्रा, रेस दाबत न्हाई. कॅनॉलच्या पुलावर रोज मान्सं उतरवते न् ढकलायला लावते. काल एका म्हातारीनं ढकलली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला."

सीटखालचं झाकण उघडून मिस्त्री तारांकडे बघत होते. तीन महिन्यांपूर्वी ही मोटर त्यांनीच बदलली होती. नव्या मोटरच्या तारांचे रंग जुन्यांशी जुळतातच असं नाही. जोड्या बदलून बदलून बघाव्या लागतात. आणि गंमत अशी, की एखाद्या चुकीच्या जोडीनंही चाक फिरतं. मोटर मात्र आतल्या आत स्वतःशीच भांडत राहते, आणि ते भांडण ओझं पडल्याशिवाय कळत नाही. मिस्त्रींनी ओझं घातलंच नव्हतं. चाक हवेत फिरलं, झाकण लावलं. जेवायची वेळ झाली होती.

पुढं ती तक्रार घेऊन आली तेव्हा याच दारात उभं राहून ते ओरडले होते, "नाचता येईना अंगण वाकडं! मोटर नवीकोरी हाय. तुझा पायच भितोय, त्याला मोटर काय करंल?" टपरीवरचे चार-पाचजण हसले होते, गहिनीनाथ सगळ्यांत मोठ्यानं. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा तर त्यांनी झाकण उघडायचीही तसदी घेतली नव्हती.

त्यांनी तारा सोडवल्या, जोड्या बदलल्या, परत आवळल्या. चाक फिरवलं. सूं.

चाळीस वर्षांचा हात, आणि चूक शिकाऊ पोरानं करावी तशी. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गप्प बसलं तर काय होतं? गहिनीनाथाला चांगली रिक्षा मिळेल, ही कव्हरं घेऊन घरी जाईल, बेलापुरात कुणाला काही कळायचं नाही. असा विचार आपल्या मनात आला, याची त्यांना चुकीपेक्षा जास्त लाज वाटली.

जॅक काढून जुन्या चार बॅटऱ्या त्यांनी ओझं म्हणून मागं चढवल्या आणि स्वतःही जाऊन बसले.

"पुलावर घे."

"मी? तुमीच चालवा की."

"तूच."

चढाच्या पायथ्याशी यशोधरानं सवयीनं ब्रेक दाबला. "उतरता ना?"

"न्हाई. चल."

रिक्षा चढली. मध्ये कुठं अडली नाही, कण्हली नाही. पुलाच्या माथ्यावर यशोधरानं ती उभी केली आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिली.

मिस्त्री पुढं वाकले. खाली पाण्याचा आवाज होता, त्यातून जेमतेम ऐकू येईल इतकंच बोलले.

"पोरी, तारा म्या चुकीच्या जोडल्या हुत्या. तुझ्या पायाचा काई दोष न्हवता. शरम वाटती मला."

तिनं रिक्षा वळवली, उतारावरून खाली आणली आणि गॅरेजकडे न नेता टपरीसमोर आणून उभी केली. गहिनीनाथानं हातातला कप खाली ठेवला. बाकावरच्या चौघांनी माना वर केल्या.

यशोधरानं मागं वळून बघितलं नाही.

"चाचा, माझी चूक सांगताना तुमचा आवाज हितपत्तोर आल्ता."