उजेडखोलीतली हळद

अनसूयाबाईंच्या अंगाची आग होत होती, तरी उजेडखोलीचं दार उघडेना. चंद्रावरच्या वस्तीत रोजचा उजेड सक्तीचा होता आणि तो पुरेसा घेतला की मीटरच दार उघडायचा.

“मावशी, चुकून जांभळे दिवे बसवलेत!” बाहेरून तंत्रज्ञ भार्गव ओरडला. “वॅट भरपूर आहेत, पण मीटर ल्युमेन मोजतो, डोळ्याला दिसेल तेवढंच. त्याच्या मते आत अंधार आहे.”

“त्याला म्हणावं, भाजून बघ!”

त्यांनी कनवटीच्या पूजेच्या डबीतली हळद वेणीला चोपडलेल्या तेलात कालवली आणि माखलेला तळहात मीटरसमोर धरला. जांभळ्या उजेडात हळद डोळ्याला दिसेल अशी हिरवट उजळली. काटा सरसर चढला. दार उघडलं.

“नवे दिवे कधी?”

“पुढच्या यानानं.”

बाहेर बायकांची रांग होती. अनसूयाबाई पहिलीला म्हणाल्या, “हात पुढे कर.”