ताट नसलेलं जेवण

रविवारी दुपारी आईनं टेबलाच्या मधोमध विजेची शेगडी मांडली, तिच्यावर पसरट भांडं चढवलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, या जेवायला."

बाबा आले आणि सवयीनं आपलं ताट शोधू लागले. ताट नव्हतंच. भांड्यात लालभडक रस्सा रटरटत होता, वर सुक्या मिरच्या गरगरत होत्या. भोवती बशाच बशा. कोबीची पानं, अळंबी, कमळाच्या देठाच्या जाळीदार चकत्या, कागदासारखे पातळ मटणाचे काप.

"हे काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"चिनी हॉट पॉट. हवं ते यात सोडायचं, शिजलं की काढून खायचं." मग आईनं अगदी साध्या आवाजात पुस्ती जोडली, "टीव्हीपुढे नेता येत नाही."

लेक समोर बसली होती. औषधांच्या दुकानातली बसून करायची नोकरी सोडून ती एका चिनी हॉटेलच्या किचनमध्ये लागली, त्याला सव्वा महिना झाला होता. तेव्हापासून बापानं अबोला धरला होता. जन्मभर लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट सोडवणारा हा माणूस स्वतः अडकला की तसूभर हलत नसे. लेक हाताच्या अंतरावर उभी असली तरी तो बायकोला म्हणे, "तिला सांग, दार नीट लावून घे." निरोप पोचवून पोचवून आईचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून तिनंच लेकीला गळ घातली होती, तुझं ते सगळ्यांनी मिळून खायचं भांडं एकदा घरी कर.

बाबा बसले. उठून जाणार कुठे, पोटात कावळे ओरडत होते.

लेकीनं मटणाचे काप रश्श्यात सोडले, मनातल्या मनात दहा मोजले आणि जाळीच्या डावानं उचलून आधी बाबांच्या वाटीत घातले, मग आईच्या. पुन्हा सोडले, पुन्हा वाढले. बाबांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"मुंग्या येतायत जिभेला," ते बायकोला म्हणाले. "विचार तिला, काय घातलंय यात."

"माझ्या तोंडात घास आहे," आई म्हणाली.

"तिरफळाच्या जातीचे दाणे आहेत," लेक भांड्याकडे बघत म्हणाली. "आधी मुंग्या येतात, मग तिखट लागतं."

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण वाटी पुढे सरकवली.

लेक अळंबीच्या बशीसाठी ओणवी झाली, तशी तिची बाही मागे सरली. मनगटापासून कोपराच्या जरा अलीकडेपर्यंत कातडी लाल, चकचकीत झाली होती. तिनं बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"हे कधी भाजलं?" बाबांनी विचारलं.

आईनं मान वर केली नाही. वर बघितलं तर पुढचं बोलणं बंद पडेल, अशी तिला धास्ती वाटली.

"मंगळवारी," लेक म्हणाली. "तेल उडालं. आता बरंय. मलम लावलंय, औषधातलं कळतं मला."

बाबा त्या हाताकडे बघत राहिले. रस्सा उकळत होता.

"माझ्या बापाचे दोन्ही हात असेच होते," ते म्हणाले. "लोकांच्या लग्नांत चुलीपुढे उभं राहून झालेले. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाचे हात असे असतात."

सासरे स्वयंपाकी होते, एवढंच आईला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांच्याविषयी नवऱ्याच्या तोंडून तिनं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

बाबा उठले, शेगडीची आच कमी केली आणि लेकीच्या हातातला डाव काढून घेतला.

"उकळी फुटलेली असताना वरून टाकतेस? उडणारच. आच उतरव आणि कडेनं सोड. हात वाफेच्या बाहेर ठेव. आणि बाही सुती हवी, मनगटापर्यंत."

"तिथे घाई असते, बाबा."

"घाईतच भाजतं."

त्यांनी मनगट किंचित वाकवलं आणि अळंबी एकेक करून भांड्याच्या कडेनं आत घसरू दिली. टेबलावर एक थेंब उडाला नाही. आई बघतच राहिली. या माणसानं लग्नापासून कधी कपभर चहा केला नव्हता.

लेक खुर्चीत टेकली. जरा वेळानं तिनं विचारलं, "आजोबा घरी काय काय करायचे?"

"घरी?" बाबांनी डाव रश्श्यातून अलगद फिरवला. "घरी आला की तो जेवायचाच नाही. म्हणायचा, वासानंच पोट भरलं. आम्हाला खरं वाटायचं ते."

बोलता बोलता त्यांची नजर लेकीच्या वाटीवर गेली. मघापासून ती दोघांना वाढत होती. तिची वाटी कोरडी होती, चमचासुद्धा पुसून ठेवला होता तसाच.

बाबांनी ती वाटी आपल्याकडे ओढली. आधी अळंबी घातली, मग मटणाचे काप, वर कोबीचं एक पान. वाफ जाईपर्यंत दोनदा फुंकर मारली आणि वाटी तिच्यापुढे ठेवली.

"आधी तू जेव," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."