आखलेले डोळे

रोह्याला शिक्षकांची स्पर्धा होती. मुलांनी स्वतः केलेल्या बाहुल्या आणायच्या आणि त्यांच्या मदतीनं इंग्रजी कसं शिकवता ते दाखवायचं. मी आमच्या वर्गाची मोज्याची बाहुली नेली. वर्षभर पोरांनी तिच्यात हात घालून 'गुड मॉर्निंग' म्हटलेलं, त्यामुळे तोंडाशी काळपट झालेली. परीक्षकांनी तिला दोन बोटांत उचललं आणि नाक मुरडून खाली ठेवलं.

पहिला नंबर शेजारच्या शाळेतल्या पुंडलिक सरांच्या चकचकीत बाहुल्यांना मिळाला. "सगळं माझ्या मुलांनी केलंय," सर माइकवरून म्हणाले. मी त्या बाहुल्यांचे डोळे पाहिले आणि मला शिसारीच आली. माझे वडील, अण्णा, पेणच्या कारखान्यात जन्मभर गणपतीचे डोळे आखत आलेत. त्यांचा हात मी कुठेही ओळखीन.

तिथून तडक पेणला गेले आणि अण्णांवरच भडकले. "त्या खोटारड्याला कशाला करून दिलंत?"

"बाहुल्या शाळेतल्या पोरांना बोलायला पायजेत म्हनाला गो. ऐन सीझनला गणपती बाजूला ठेवून आखले." कुंचला धुता धुता त्यांनी विचारलं, "बोलली का पोरं त्यांच्यासंगती?"

"नाय. त्याचीच पोरं सांगत होती, एकालाबी हात घालू दिला नाय. पोरं मळवतात म्हणे. आता ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवणार."

अण्णांचा हात पाण्यातच थांबला.

"मग डोळे कशाला आखून घेतले मेल्यानं?"