सासूबाईंची दाढ

“आजी, हाडं मजबूत व्हायचं काही औषध चालू होतं का तुम्हाला?” सर्जनने विचारलं आणि शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरने नजर खाली वळवली.

सासूबाईंची दाढ त्यानेच काढली होती. रविवारी, बंद दवाखाना खास उघडून. घरचंच माणूस, म्हणून नेहमीची विचारपूससुद्धा केली नाही. खुर्चीत टेकता टेकता त्या म्हणाल्या होत्या, “मला हाडांसाठी सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, जावईबापू...” “बरं बरं, आई, आ करा,” म्हणत त्याने दाढ काढलीही. त्याला तीन महिने झाले, पण जखम भरायचं नाव घेईना. आता तिथे जबड्याचं हाड उघडं पडलं होतं, पिवळट, मेलेलं. त्या इंजेक्शनवर असताना दाढ काढली की असं होऊ शकतं, हे तो वर्षानुवर्षं कॉलेजात घसा फोडून शिकवत आला होता. समोरची सर्जन त्याचीच विद्यार्थिनी.

“इंजेक्शन घेते ना,” सासूबाई म्हणाल्या. गाल सुजल्यामुळे शब्द अडखळत बाहेर येत होते. “यांनी आधी विचारलं होतं हो. मीच सांगायला विसरले.”

“अहो आजी! सर विचारतात ते काय उगाच? आता हाडाचा तुकडा काढावा लागणार.”

“चुकलंच माझं.”

आता तरी त्याने बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात त्याला पळवाट सापडली. वय झालंय त्यांचं. चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधत फिरतात. त्यांना खरंच तसं आठवत असेल. उगाच कशाला गोंधळात टाकायचं? “होतं असं कधी कधी,” तो पुटपुटला. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली. 

बाहेर लिफ्टपाशी दोघंच होते. सासूबाईंनी गालावरचा रुमाल बाजूला केला, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, “नीट बोलले ना मी, जावईबापू? तिला संशय नाही ना आला?”