लाल खुंटी

हसू नका गं, सांगायचीच लाज वाटतेय. मामा जन्मभर जमिनी मोजून रिटायर झालेला. परवा मला तुमच्याकडे सोडायला येताना म्हणाला, "इथे रानात एक जागा आहे, जिथे अक्षांश आणि रेखांश दोन्ही पूर्ण अंशात येतात, पुढे अपूर्णांक नाही. पाच मिनिटं वळूया?" जागेवर ठोकायला खुंटीसुद्धा लाल रंगवून आणलेली. तो पुढे काहीतरी पुटपुटत चाललेला, मागे माझे पाय काट्यांनी सोललेले, त्यात तुमचे फोनवर फोन: "कुठे उलथलीस?" मोबाइलच्या नकाशावर अजून तीनशे मीटर बाकी होते. मी तो खिशात टाकून ओरडले, "मामा, आला पॉइंट! ठोक!" मामाने माझ्याकडे बघितलं, खुंटी पिशवीत ठेवली. "माती कडक आहे. चल, मैत्रिणी खोळंबल्या असतील." गाडीत मीच बडबडत होते. उतरताना त्याने खुंटी माझ्या हातात दिली. "कधी गेलीस तर ठोक. रस्त्यापासून हजार पावलांवर आहे, आपण सहाशेच चाललो. तू दमली होतीस, म्हणून बोललो नाही."