सुबाभळीची खाट

त्या साली शिरपूरकडच्या सुबाभळींना परमुलखातली कीड लागली होती. भिकुबाईच्या नव्या खाटेतूनही दिवसभर कुरकुर ऐकू येई. खाटेवर तिचा नवरा झुलाल तापाने फणफणत पडलेला.

पौषात दवाचं बर्फ झालं. झुलाल म्हणाला, "खाट भाहेर ठेव. किडा थंडीमा मरी जातीन."

तिने त्याला जमिनीवर निजवलं आणि खाट अंगणात काढली. सकाळी कुऱ्हाडीने फोडली. लाकूड पार पोखरलेलं होतं, पण आत कीड नव्हती. जिवंत नाही, मेलेलीही नाही.

ती घरात धावली. झुलालचे हातपाय गार पडले होते.

"अहो, बोला ना काही."

गोधडी सारून तिने त्याच्या छातीला कान लावला. आत कुरकुर चालली होती.

"गोधडी काढू नको," तो डोळे मिटूनच म्हणाला. "त्यासले ऊब लागस."